आण्णांना आकाशातून मळा दाखवताना

मंगळवार, सायंकाळ

श्रीमद् गगनमंडलाधीश, पलूसविमानदलप्रमुख अस्मादिक आज निःशेष थकले आहेत. वडील आण्णा, निवृत्त सुभेदार, पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर; संगणकावरच्या, खरी जमीन दाखवणाऱ्या विमानाच्या खेळातून आपला मळा पाहण्याची त्यांची इच्छा. जॉयस्टिकच्या, म्हणजे विमान चालवायच्या दांड्याच्या, माथ्यावरचे, दृष्टी फिरवणारे बटण मी दुपारभर जुळवले.

आण्णांनी पलंगावरून हुकूम सोडला, "बाएँ देख!" बटण डावीकडे दाबले, दृष्टी उजवीकडे गेली.

"आरं, कुठला रंगरूट रं ह्यो? मळा तिकडं हाय!"

शेवटी अख्खे विमानच वळवले. पडद्यावर नुसता हिरवा पट्टा. आण्णा हळूच म्हणाले, "ती बघ आपली हीर."

विहीर मला दिसली नाही. "व्हय" म्हणालो. का म्हणालो? आणि ते बटण उलटे का?

"उद्या दांडा माझ्या हातात दे," म्हणाले.

दांड्याची वायर पलंगापर्यंत पोचत नाही.