तिसऱ्या हाकेला ओ

बुधवार, ३ सप्टेंबर

स्कारबेक गावातल्या या दगडी घरात आज सामान लागले. मन अनपेक्षितपणे प्रसन्न आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दरीवरचा रेल्वेचा जुना पूल दिसतो. मोजून एकोणीस कमानी. चार वाजताची गाडी त्यावरून गेली तेव्हा कपबशा किंचित किणकिणल्या.

मेहुणी ब्रेंडा आल्याचा केक घेऊन आली. बायको जिथे गेली तिथेच राहायला यायचं म्हणजे काळीज लागतं, गावात सगळे हेच बोलतात, असे ती म्हणाली. मी किटली भरत राहिलो.

रविवारी मला जिओकॅशिंगच्या मंडळींबरोबर जायचे आहे. हा माझ्या बायकोचा, मॉरीनचा छंद होता. उपग्रहाने दाखवलेल्या ठिकाणी कोणीतरी दडवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तशी ठेवायची. मला तो पोरकट वाटे आणि मी तसे बोलून दाखवत असे. तिच्या चारशे नव्व्याण्णव डब्या झाल्या होत्या. पाचशेवी या पुलाखाली होती. गेल्या वर्षी जूनमध्ये ती शोधायला गेली असताना मॉरीन उतारावरून ओढ्यात पडली.

रविवार, ७ सप्टेंबर

आम्ही सहा जण होतो. डबी दडवणारे नॉरिस हे निवृत्त बसचालक आहेत. अपघातानंतर त्यांनी हा खेळ बंद ठेवला होता. आज प्रथमच तो पुन्हा खुला केला. डबीला आकड्यांचे कुलूप आहे. सातव्या कमानीखाली उभे राहून स्वतःचे नाव पुकारायचे. प्रतिध्वनी जितके, तो आकडा.

लाजू नका, मेंढ्या काही तक्रार करत नाहीत, असे नॉरिस म्हणाले. प्रत्येकाचे नाव तीनदा परत आले. माझे, ‘हॉवर्ड’, आले नाही. मी पुन्हा पुकारले. काहीच नाही.

“अहो मास्तर, वर्गात एवढाच आवाज असायचा? पोरं गाढ झोपत असतील!”

नॉरिसच्या या थट्टेवर सगळे हसले. मीही हसलो.

डबी उघडली. वहीतली शेवटची नोंद मॉरीनच्या हातची होती: ‘पाचशे! आता हॉवर्डला हाक मारते.’

ब्रेंडा माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. मग तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिले. त्या दिवशी तू तिथे मोटारीत, एवढ्या जवळ बसला होतास, तुला खरंच काही ऐकू आलं नाही का रे, असे तिने विचारले. काचा बंद होत्या, असे मी सांगितले. पोलिसांनाही मी हेच सांगितले होते.

सोमवार, ८ सप्टेंबर

काच उघडी होती.

हे आजवर कोठेही लिहिलेले नाही. मी शब्दकोडे सोडवत होतो. पहिली हाक आनंदाची होती. गेलो तर चिखलातून चढावे लागेल, त्या डबीचे कौतुक करावे लागेल, म्हणून मी ओ दिली नाही. दुसरी हाक अधीर होती. तिसरी खालून, ओढ्याकडून आली. पस्तीस वर्षे मी मुलांचे आवाज ऐकले आहेत. खेळणारे मूल आणि दुखापत झालेले मूल यांतला फरक मला कळतो.

तिसऱ्या हाकेनंतर मी काच वर केली.

कोडे पुरे करून तासाभराने उतरलो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

भर दुपारी एकटाच कमानीखाली गेलो. माझे नाव पुकारले. शांतता. मग तिचे पुकारले.

परत आले ते ‘हॉवर्ड’.

तिचाच स्वर. आनंदाचा. थोड्या वेळाने पुन्हा — अधीर. तिसऱ्यासाठी मी थांबलो नाही. या वयात मी धावलो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळी दहा. सर्व खिडक्या बंद. पहिली हाक स्वयंपाकघरात आली. किटलीच्या पलीकडून.

शनिवार, १३ सप्टेंबर

ब्रेंडा आली होती. आम्ही चहा घेत असताना दुसरी हाक आली. तिला ऐकू गेली नाही. मॉरीनला तुझ्यासारखा नवरा मिळाला हे तिचं नशीब, असे ती त्याच क्षणी म्हणत होती. सांगावे असे ओठांवर आले —

मी तिला बिस्कीट पुढे केले.

तिसरी अजून यायची आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

दुपारचे तीन. मोटार त्याच जागी उभी केली आहे. काच पूर्ण खाली. वही मांडीवर. या वेळी मी उतरणार. ओ देणार. मग ब्रेंडाला सर्व —

पहिली आली.

दुसरी. अधीर.

येतो, मॉरीन. दार — दार उघडत नाही —

तिसरी. ओढ्यातून. मी ओ देतो आहे, मोठ्याने, वर्गात ओरडत असे त्याहून मोठ्याने —

काच वर चालली आहे. मी नाही. माझे दोन्ही हात वहीवर आहेत, दोन्ही —

बाहेर रस्त्यावर ब्रेंडा. इकडेच पाहते आहे. मी ओरडतो आहे. तिला ऐकू —