एकदाच वाटा

रविवार, संध्याकाळ, इंदिरानगर

अजून छातीत धडधडतंय, आणि ते हरलो म्हणून नाही. आज पोकरमध्ये सचिनरावांनी, माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या नवऱ्याने, टेम्पोसाठी साठवलेले सगळे पैसे एका डावावर लावले. समोर मीच होतो. दोन पत्ते उघडायचे बाकी होते.

मी म्हणालो, "उरलेले पत्ते दोनदा वाटू. अर्धे पैसे पहिल्या वाटपावर, अर्धे दुसऱ्यावर. निदान एका फटक्यात सगळं जाणार नाही."

"नको दादा, एकदाच वाटा. दोनदा वाटलं की मजाच जाते."

त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. मी पहिला पत्ता उघडला.

शेवटच्या पत्त्यावर ते जिंकले. मला हायसं वाटायला हवं होतं ना? पण त्यांनी पैशांकडे पाहिलंही नाही. त्याच शांत हातांनी ते पुन्हा पत्ते पिसायला लागले.

मघाशी सुमीचा फोन आला. "दादा, हे आज फार खुशीत आहेत. टेम्पोचं ठरलं का?"

"त्यांनाच विचार," म्हणून मी फोन ठेवला. मग राहवेना. तिला सगळं सांगायचंच, म्हणून परत लावला.

सचिनरावांनी उचलला. "बोला दादा. उद्या परत डावाला बसायचं का?"