काकराज्य आणि नाशिककर

श्री

पंचवटी, नाशिक
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५८

चिरंजीव खंडेराव यास रंगनाथमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडील सर्व मंडळी क्षेम आहेत, म्हणजे तुझ्या बोलपटाने जेवढे क्षेम शिल्लक ठेवले आहे तेवढे. कोल्हापूरचे पाणी तुला मानवते का? खोकला गेला का? तुझ्या मामीने पाठवलेला अडुळशाचा अवलेह तू घेत नाहीस हे तिला कळले आहे (मी सांगितलेले नाही, बायकांना कळते).

तू लिहिलेस की, "मामा, माझा पहिला बोलपट नाशकात लागतो आहे, लोक काय म्हणतात ते खरे खरे कळव, आणि आईला तो कसा वाटला हे आधी कळव." मी आधी लोकांचे कळवतो, आईचे नंतर. कारण जे घडले त्याच क्रमाने सांगितले नाही तर माझी गाडी रुळावरून घसरते, हे तू जाणतोसच.

हबीबशेठने थिएटरवर पाटी लावली, "काकराज्य, ऐतिहासिक बोलपट". ऐतिहासिक म्हटल्यावर लोक तलवारी बघायला आले. पहिल्या पाच मिनिटांत राजा मेला. लोक म्हणाले, ठीक आहे, आता मुलगा सूड घेईल. तर तुझा तो राजा पांढऱ्या धोतरात, पायात खडावा घालून पिंपळाच्या फांदीवर जाऊन बसला आणि विडा चघळत स्वतःचा दहावा बघू लागला. थिएटरात अशी शांतता पसरली की हबीबशेठ यंत्र बिघडले समजून धावत आत आले.

पुढे पिंडाला कावळा शिवेना. आता बाबा, हे मुंबईत दाखवलेस तर चालेल. नाशकात निम्मे गाव याच कामावर जेवते. पुढच्याच रांगेत रामकुंडावरचे आपले उपाध्ये बसले होते. पडद्यावरच्या प्रधानाने पिंडदानाच्या वेळी जानवे डाव्याच खांद्यावर ठेवलेले पाहून ते उभे राहिले आणि ओरडले, "अपसव्य! अहो प्रधान, अपसव्य करा!" प्रधानाने ऐकले नाही. पण त्या खणखणीत आवाजाने पुरुषांच्या बाजूच्या निम्म्या लोकांनी सवयीने आपापली जानवी उजव्या खांद्यावर घेतली. (मीही घेतले. कोटाच्या आतून घ्यावे लागल्याने शिवण उसवली.)

मग दरबारी कावळ्याला आमिषे दाखवतात, शेवटी त्यालाच गादीवर बसवतात, तो एकदा 'काव' म्हणाला की पट्टी वाढते, दोनदा म्हणाला की लढाई सुरू होते, लोक हे सगळे हाताची घडी घालून, कीर्तनाला बसल्यासारखे पाहत होते. हसावे की हात जोडावे हे कोणालाच ठरवता येईना. एकट्या बारकूला काही अडचण आली नाही. हा हरसूलकडचा, दर वर्षी आपल्याकडे तांदूळ घालायला येतो, त्याला मीच सोबत नेले होते. पुढे कावळ्याच्या प्रधानांनाही पंख फुटले तेव्हा मी हळूच विचारले, "काय रे, कळते का काही?" तर म्हणाला, "कळाया काय त्यात? आमच्याकडं जंगलवाला साहेब हाय, तो तर काव बी करत नाय. नुसतं बोट दावतो, न् आमची बैलं कोंडवाड्यात." आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने गावी जाऊन सांगितले म्हणे की नाशकात खरी गोष्ट दाखवतात.

हे झाले पहिल्या दिवसाचे. मी घरी येऊन ताईला, म्हणजे तुझ्या आईला, सांगितले की बोलपट बरा आहे पण गर्दी फार आहे, तू येऊ नकोस. तुला का ते सांगायला नको. तुझ्या वडिलांच्या दहाव्याला तू लहान होतास, पण पिंड तुझ्याच हातचा होता. घाटावर मी घसा बसेपर्यंत वचने दिली, खंडूला शिकवू, ताईला अंतर देणार नाही, आणि एक कावळा म्हणून खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आजतागायत येणारी जाणारी प्रत्येक बाई ताईला विचारते, "सावित्रीबाई, कशात हो जीव अडकला होता त्यांचा? तुमच्याकडून काही राहिले का?" ताई नुसती पानात वाढत राहते. आणि तू, लेका, नेमके तेच पडद्यावर चार हात उंच करून ठेवलेस! मला तुझा राग आला होता, हे लपवत नाही.

पण ताई कसली ऐकते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला पुतळाबाईंना सोबत घेऊन निघाली. (शेजारच्या पुतळाबाई म्हणजे वर सांगितलेल्या विचारणाऱ्या बायांपैकी पहिल्या.) बायका वरच्या सज्जात, मी खाली. कावळ्याचा प्रसंग जवळ येऊ लागला तसा मला घाम फुटला. तुझी ती राणी घाटावर हात जोडून रडत एकेक वचन देऊ लागली, मी मान खाली घातली. आणि फांदीवरचा राजा वैतागून म्हणाला, "अगं, मला काही नको आहे! कावळ्याला भूक नाही, त्याला मी काय करू?"

मग वरून एक आवाज आला. आधी नाकातून, मग ठसका लागल्यासारखा, मग आवरेनासा. लग्नाआधी ताई अशीच हसत असे. मी वळून पाहिले तर सज्जात अंधार, काही दिसेना. तिच्या शेजारची कोणी हसली, मग सगळा सज्जा, मग खाली पुरुष. दुसऱ्यांदा आलेले उपाध्येही पोट धरून हसू लागले. तुझे पुढचे दोन प्रसंग कोणी ऐकलेच नाहीत.

परतताना टांग्यात ती डोळे पुसत होती. गोदावरीच्या पुलावर आल्यावर म्हणाली, "रंगू, पितृपक्ष होता रे तेव्हा."

मी म्हटले, "हो."

"अख्खं नाशिक त्या घाटावर पिंड घालत होतं. कावळ्यांना ढेकरा येत असतील. कोण खाली उतरणार?" आणि समोर बसलेल्या पुतळाबाईंकडे वळून म्हणाली, "कळलं का हो, जीव कशात अडकला होता ते?" पुतळाबाई घर येईपर्यंत टांग्याचे चाक पाहत बसल्या.

असो. बोलपट पाचव्या दिवशी उतरला, तेव्हा वडीलकीच्या नात्याने दोन शब्द लिहितो. हा धंदा बेभरवशाचा आहे. मनमाडला रेल्वेच्या कचेरीत एक जागा तुझ्यासाठी बोलून ठेवली आहे. पगार पहिल्या तारखेला, डोक्यावर छप्पर, कावळ्यांशी संबंध नाही. नीट विचार करून निघून ये.

तुझा,
रंगनाथमामा

ता. क. : मनमाडची जागा राहिली नाही. ताईने हे पत्र वाचायला मागितले, आणि वाचून होताच मला मनमाडला पिटाळले. मी साहेबाला सांगून आलो की मुलगा येत नाही. वरचा मजकूर खोडला असता, पण कागद चांगला आहे.

आणखी ता. क. : खरे काम असे की येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीला स्टेशनावर ये. ताई तुझ्याकडे राहायला येते आहे. तुझ्या वडिलांमागे ती नाशिकबाहेर पडलेली नाही, तेव्हा उशीर करू नकोस. बोलपट कसा काढतात ते तिला पाहायचे आहे. खोलीत चूल मांडण्यापुरती जागा कर. बरोबर मीही आहे. मामीला मी सांगितले आहे की खंडूची समजूत घालायला जातो. वेळ उरलाच तर निघायच्या आदल्या दिवशी घालीन.