दोन बोटं मोकळी चाल

९ फेब्रुवारी १९७६, सोमवार

सव्वा अकरा वाजता माझं वाटोळं झालं. समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे नेमकं तेव्हाच लक्ष गेलं होतं, म्हणून वेळ माहीत. त्याच्या आधी मी बरा होतो. बरं व्हायला दीड वर्ष लागलं होतं!

गॅरेजसमोर लाल गाडी थांबली. विलायती, दोनच सीटची, वरून उघडी. महाल भागातल्या आमच्या गल्लीत अशी गाडी शिरली की रिक्षावालेही पाय टेकून बघत बसतात. चालवत होता भैय्याजी, सिव्हिल लाइन्सच्या मालगुजारांचा मुलगा. काळा चष्मा, बेलबॉटम. आणि शेजारी चारुशीला.

चारुशीला!

मी खड्ड्यात होतो, एका टॅक्सीखाली, कोपरापर्यंत ग्रीस. तिनं मला बघितलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही. डोक्याचा रुमाल सोडला नि परत बांधला.

भैय्याजी आमच्या मारोतराव मिस्त्रींना म्हणाला, "मिस्त्री, क्लचचं पेडल जरा जवळ घेऊन द्या. हिचा पाय पोचत नाही."

हिचा! बाईंचा नाही, यांचा नाही. हिचा! माणूस 'हिचा' कोणाबद्दल म्हणतो?

मिस्त्री म्हणाले, "उद्या आणा. पण ज्याचा पाय आहे त्याले घेऊन या. पायाबिगर पेडल बसत नाही."

म्हणजे उद्या परत.

जेवलो नाही. आई विचारून राहिली काय झालं. काही नाही झालं.

१० फेब्रुवारी

कोणाच्या शत्रूवर येऊ नये असा दिवस.

मिस्त्रींची रीत आहे. पेडल बसवायचं तर गाडी चालवणाऱ्यानं जोडे काढून सीटवर बसायचं. डॉक्टर असो की वकील, आधी जोडे काढ. "जोड्याले काही समजत नाही, तळव्याले समजते." मला त्यांनी कामावर घेतलं तेही यासाठीच — बाबा कोष्टी, आयुष्यभर पायानं मागाच्या पावड्या दाबल्या. "कोष्ट्याचा पोरगा आहे, पायाचं काम तुले जमन." कॉलेजात काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

तर चारुशीला वर बसली, चपला बाहेर. मी खाली उताणा, हातात पाना. पायाजवळची लाकडी फळी काढली होती. त्या भोकातून तिचा डावा तळवा दिसत होता. टाचेला भेग. अंगठ्यापाशी जुना डाग, पोळल्याचा. दोन वर्षं एका वर्गात बसलो, हे मला माहीत नव्हतं. भैय्याजीला माहीत असेल का?

मिस्त्री दारातून ओरडले, "बोल ना बे खालून! तिले काय सपन पडन?"

"दाबा," मी म्हटलं.

तिनं दाबलं.

"सोडा."

सोडलं.

"दाबा." "सोडा." बस, एवढंच बोललो आम्ही. दीड वर्षानंतर!

भैय्याजी बॉनेटला टेकून सिगरेट ओढत होता. म्हणतो, "पाय हलका ठेव. घोड्यासारखी आहे ही, टाच मारली की उधळते." ती हसली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण तळवा हलला ना! हसली की पायाची बोटं आत वळतात तिची.

मिस्त्रींनी बाभळीच्या लाकडाचा गुटका तासून पेडलवर बसवला, वर रबर ठोकलं. सीटच्या पाठीला उशी. राहिली फक्त मोकळी चाल. पेडल दाबलं की पहिले दोन बोटं ते रिकामं जायला पाहिजे, मग क्लचनं जोर धरायचा. ती चाल नसली तर पाय सोडला तरी क्लच पुरता बसत नाही. आत प्लेट घसरत राहते, घासते, जळते. आणि बाहेरून पहिले दोन-चार दिवस कोणाला पत्ता लागत नाही.

मिस्त्री पहिल्या दिवसापासून मला हेच ऐकवतात. "तुह्यात ती दोन बोटं देवानं ठेवलीच नाही, रुप्या. जरा हात लागला का भडकते."

गाडी ठेवून गेले. दोघं रिक्षात. एका रिक्षात!

११ फेब्रुवारी

मिस्त्री मेहुण्याच्या लग्नाला उमरेडला गेले. जाताना म्हणाले, "नट घे आवळून, दोन बोटं सोड, चाक फिरवून पाहा, देऊन टाक. येतो रविवारी."

नट आवळला. दोन बोटं सोडली. सगळं बरोबर होतं. ते मी इथं लिहून ठेवतो — आधी सगळं बरोबर होतं.

मग सीटच्या फटीत तिचा रुमाल सापडला. निळ्या काठाचा. गाडीतच विसरतात का रुमाल? केस सोडल्याशिवाय डोक्याचा रुमाल पडतो का?

खाली गेलो नि नट आणखी फिरवला. एक फेरा. दोन. पेडलची चाल गेली. बोट काय, कागद जाणार नाही.

नेऊ दे तिला सेमिनरी हिल्सच्या चढावर! इंजिन बोंबलेल नि गाडी हलणार नाही. वास सुटेल. बघू दे तिला मालगुजाराच्या पोराची ऐट!

दुपारी भैय्याजीचा नोकर गाडी घेऊन गेला. रुमाल माझ्याकडे आहे.

१२ फेब्रुवारी

मस्त झोप लागली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सायकल काढून सेमिनरी हिल्सवर जाऊन बसलो. साडेपाचला आले. गाडी *ती* चालवत होती! भैय्याजी शेजारी. वळणावर गिअर पडेना, तर ह्यानं तिच्या हातावर हात ठेवून टाकला. हात उचलायला त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं. चार सेकंद.

गाडी चढली. थोडी कुरकुरली, पण चढली. ती चालवतेच तशी, हळू, गोंजारून.

येताना चेन उतरली. सायकलला लाथ घातली. पाय सुजला.

मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं! प्रॅक्टिकलच्या त्या डेमॉन्स्ट्रेटरनं हिला सगळ्या वर्गासमोर "ड्रायव्हरच्या पोरींनी गॅसचे बर्नर पेटवायचे नसतात" म्हटलं, तेव्हा कोण उठलं? मी. त्याच्या थोबाडीत कोणी ठेवून दिली? मी. आणि ही मला व्हरांड्यात काय म्हणाली? "तुले कोणं सांगितलं होतं?" धन्यवाद नाही, काही नाही! प्रिन्सिपॉल बोलवतील त्याच्या आत मीच वह्या उचलून निघालो. आणि आता तिला बघतो, तर ती गिअर टाकून राहिली दुसऱ्याच्या हाताखाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज ती एकटी आली. गाडी घेऊन, दीड वाजता. मिस्त्री कालच परतले, पण ते जेवायला घरी गेले होते. तिनं ती वेळ का साधली? मिस्त्रींसमोर बोलायची लाज? माझी नाही वाटत?

ती उतरली. चपला गाडीतच, अनवाणी उभी, तापलेल्या फरशीवर.

"पेडल बरोबर नाही लागून राहिलं."

"दूर लागते का?"

"दूर म्हण. तू एकदा खाली जाऊन पाहा ना."

तू! मला वाटलं छातीत कोणी पाना फिरवला. आणि त्याच क्षणी वाटलं, भैय्याजीनं पाठवलं. मजा बघायला.

"मी केलेलं काम बरोबरच असते. भैय्याजींना सांगा मोठी उशी घ्या."

"रुपराव, ऐक तं. भैय्याजींच्या आई —"

"मले काय करायचं त्यांच्या आईचं! सून होणार तिनं पाहावं!"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पाच मिनिटांचं काम आहे. मी थांबते."

थांबली सुद्धा. दहा मिनिटं तरी असेल. मी टॅक्सीचं चाक उगाच काढलं नि परत लावलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. वर बघितलं नाही.

रुमाल द्यायचा राहिला. दिला नाही, असं लिहायला पाहिजे.

१८ फेब्रुवारी

दिवसभर कुठं काही जळल्याचा वास येतो. मिस्त्री म्हणतात तुझ्या नाकातच काही आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लाल गाडी आली. बैल जुंपून!

तीन वाजता, दोरखंडानं ओढत. गल्लीतली पोरं मागे नाचत. याच दिवसाची वाट बघत होतो ना? मग मी दाराआड का सरकलो?

मागून भैय्याजी रिक्षानं. "मिस्त्री, प्लेट जळून खाक. सेमिनरी हिल्सच्या चढावर, घर दोन मिनिटांवर असताना! आई गाडीत. धंतोलीच्या दवाखान्यातून येत होती. सत्तर वर्षांची बाई तासभर उन्हात बसली. पोरीनं पेडलवरून पाय उचललाच नसेल."

मिस्त्री म्हणाले, "कोणती पोरगी?"

"आपल्या बळीरामची. वीस वर्षं आमची गाडी चालवली त्यानं. आता डोळ्यांनी दिसत नाही त्याला. पोरगी म्हणाली मी चालवते, बाबांनी शिकवलंय, माँजींना एक दिवसाआड मी दवाखान्यात नेईन. मी सोमवारी भोपाळला चाललो वर्षभरासाठी, म्हटलं बरं झालं. घरच्या माणसाची लेक. आठ दिवस शेजारी बसून बघितलं. — काही नाही, बाईमाणसाचं काम नाही ते. सांगितलं तिला, उद्यापासून नको येऊस."

बळीरामची! तिचे वडील कुठंतरी ड्रायव्हर आहेत एवढंच मला माहीत होतं. कुठं ते मी दोन वर्षांत विचारलं नव्हतं. 'हिचा पाय' म्हणजे नोकराच्या पोरीचा पाय! मालक असाच बोलतो. मला कसं समजलं नाही? बाबांच्या मागापाशी आलेला शेठ बाबांबद्दल 'ह्याचा' म्हणत नाही का?

चारुशीलाची नोकरी होती ती. मी नटात आवळून टाकली.

२० फेब्रुवारी

मिस्त्रींनी सकाळी गाडी खड्ड्यावर घेतली. पेडलखाली दोन बोटं घालायला गेले. गेली नाहीत. एक घातलं. तेही नाही.

हात काढला, बाजूचा पाना उचलला. मला वाटलं फेकून मारतील. मारायला पाहिजे होता.

"कोष्ट्याच्या पोराच्या हातून चुकून नाही होत हे," एवढंच म्हणाले.

मी सगळं सांगितलं. रुमालासकट.

"ती पोरगी तुह्याशी कधी गोड बोलली होती?"

"नाही."

"मंग कोणाच्या जोरावर जळून राहिला होता बे?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"भैय्याजीले मी काही सांगत नाही. मी सांगितलं तं गॅरेजची चूक होते. तू सांगितलं तं तुही होते. पण पहिले तिच्याकडे जाय."

म्हटलं ती तोंडही बघणार नाही.

"नको पाहू दे. तू कुठं तिचं तोंड पाहिलं? तळवाच तं पाहिला."

२१ फेब्रुवारी, शनिवार

आत्ताच जरीपटक्याहून, चारुशीलाच्या घरून आलो. ती दारातच भेटली. मी म्हटलं, नट मी आवळला. ती म्हणाली, "मले माहीत आहे."

पहिल्याच दिवशी समजलं होतं तिला. तिच्या बाबांनी डोळे बांधून, पायानं चाल ओळखायला शिकवलं होतं. "म्हणून तं आली होती सोमवारी. मिस्त्री नसताना. तुह्या हातानं केलं, तुह्याच हातानं नीट करून घे म्हटलं. कोणाले समजलं नसतं."

भैय्याजींनाही तिनं सांगितलं नाही. माझं नाव आलं असतं म्हणून.

"कॉलेजात तू त्याले मारलं, त्यानं मले प्रॅक्टिकलमध्ये नापास केलं. आता हे. तू करते, रुपराव, अन् निस्तरते मी."

रुमाल दिला. तिनं घेतला, झटकला, दोरीवर टाकला. वळून म्हणाली, "आता माह्यासाठी काही करू नको."

हे तिच्यासाठी नाही. भैय्याजी परवा भोपाळला जातील, त्याच्या आत त्यांच्या कानावर घातलं पाहिजे की पाय तिचा चुकला नव्हता. पोलिसात देतो म्हणाले तर देवोत.

आई ताट वाढून बसली आहे. आल्यावर जेवतो म्हटलं.

आता वही कपाटात ठेवतो. चपला घालून सिव्हिल लाइन्सला निघतो. दार ओढून घेतो.