राशीची मागची बाजू

आबा, मी अजून काम करते हे ऐकून तुम्ही हसला असता. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, आणि बाई दिवसभर करते काय, तर भोकं बुजवते. संगणकाच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या दारी मागायला येतात आणि कोणाला किती द्यायचं ते हा ठरवतो. त्यात फट राहिली की चोराचं फावतं. गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाने मला गुपचूप कळवलं, बाई, एक फट आहे, आणि ती तुम्हीच लिहिलेल्या ओळीत आहे. मागणारा ठरल्यापेक्षा जास्त मागत नाही ना, एवढंच मी तपासलं होतं. कोणी शून्याहून कमी मागेल आणि उलट्या बाजूने दुसऱ्याच्या सामानापर्यंत पोचेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आधी राग आला. मग एकटीच हसत बसले, कारण मला आपलं खळं आठवलं.

साठ-बासष्टचा सुमार, मी दहा वर्षांची. ज्वारीची रास पडली की तुम्ही तिच्याभोवती राखेची रेघ ओढायचात, ओल्या मातीचे गोळे लावून त्यांवर लाकडी ठसा उठवायचात. ठसा मोडला तर चोरी झाली, इतका सरळ कारभार. पण त्या वर्षी रास मागून कडब्याच्या गंजीला टेकली होती, आणि तिकडून कोण येतंय म्हणून तुम्ही ठसा लावलाच नाहीत. गंजीत मांजराएवढी वाट होती आणि मी मांजराहून फार मोठी नव्हते. भर दुपारी तुम्ही जेवायला गेलात की मी आत शिरते, परकराचा ओचा भरते, आणि गोडीशेववालीला ज्वारी देऊन शेव खाते. काय सांगू आबा, तशी शेव पुन्हा मिळाली नाही.

आठ दिवसांत रास मागून खचली. ठसे सगळे शाबूत. म्हणजे चोर घरभेदीच, असं तुम्ही ठरवलंत आणि राखणदाराला समोर उभं केलंत. तोरणमाळच्या बाजूचा म्हातारा, हंगामभर राखण करून मिळेल ती ज्वारी घेऊन डोंगरात घरी जायचा. तुम्ही म्हणालात, "खरं सांग, नही ते उद्यापासून खळावर येऊ नको." तो खाली मान घालून उभा राहिला. घरी त्याची माणसं त्या ज्वारीची वाट बघत असणार, एवढं मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्यापुढे येऊन सगळं ओकले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कशी घुसनी तू? दखाड माले." मी दाखवायला शिरले आणि नेमकी त्या दिवशी अडकले. शेव अंगी लागली होती ना! तुम्ही पाय धरून ओढून काढलंत, एक सणसणीत धपाटा घातलात, आणि सगळ्यांदेखत राखणदारापुढे हात जोडलेत, "मन्ही चूक व्हयनी, दादा." मग ठसा माझ्याच हातात दिलात, मागची बाजू मी राखावी म्हणून. त्यानंतर घरी कोणीही पाहुणा आला की तुमचं ठरलेलं, "मन्ही पोरनी सोताहून सांगं." तुमचा तो आनंद बघून मला गप्प बसणं सोपं जायचं.

आता ती फट मी बुजवली. एका ओळीचं काम. आमच्यात रीत अशी की ज्याला भोक दिसतं त्याने गावभर बोंब मारायची नाही. मालकाला हळूच सांगायचं, बुजवायला मुदत द्यायची. आणि दुरुस्ती झाली की शोधणाऱ्याचं नाव तिच्याखाली लिहायचं. त्या माणसाचं नाव मी लिहिलं आणि मला एकदम रडू आलं.

आबा, मी स्वतःहून सांगितलं नव्हतं. तुम्ही राखणदाराला उभं केलंत त्याच्या आदल्या दुपारी त्याने मला गंजीतून निघताना पाहिलं होतं. म्हणाला, "मी दखं. तुन्हा बापले तूच सांग. दोन दिन मी थांबस." आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला चोर म्हणालात तेव्हाही तो थांबला होता. तुम्ही जन्मभर माझं केलंत ते कौतुक खरं त्याच्या वाट्याचं होतं. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, पण त्यात त्याचं नाव तरी लिहावं म्हणून बसले होते. ते मी त्याला कधी विचारलंच नाही.