निरोपाची भाकर

॥ वाघजाई प्रसन्न ॥

खडकवाडी, ता. मुळशी
५ जानेवारी २०२५

चि. सौ. प्राजक्ता हिला बहिरूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हितं आमी समदी बरी हाओत. तुजं दिवस भरत आल्यात, डाक्टरनं घाटाचा रस्ता बंद केलाय, हे साहिलकडनं कळलं. आता मारुंजीतच गप पडून ऱ्हा. आई असती तर हितंच बाळंतपण झालं असतं, पर रेश्मा म्हंती, बारसं झालं की वन्संच्या मदतीला मीच जाईन. वाडीवर टावर न्हाई, आन टेकाडावर चढून फोन लावला तर तू निस्ती वरडतीस. त्यापरीस पत्र बरं. साहिल दुधाचा टेम्पो घिऊन रोज तिकडं येतुया, आज दिलं की उद्या तुझ्या दारात.

आता तुज्या लाडक्या तांबडी कुत्रीचं सांगतो. कार्तिकात सहा पिल्लं दिली. एक दुसऱ्याच दिशी तिच्या अंगाखाली चेंगरलं, बाकीची पाच ढोलावानी झाली. खाली भाताचा पेंढा, वर गोणपाट, रोज पेंढा बदलायचा. तेराव्या दिशी डोळं उघडलं. महिन्यानं शेळीच्या दुधात नाचणीची आंबील सुरू केली, तीबी उथळ ताटलीत, न्हाईतर पिल्लाच्या नाकात जाती. गोचिड मी सोता वेचतो. तुज्या दवाखान्यातल्या कुत्र्यांला म्हणं वाढदिवसाचा केक असतो. आमच्या कुत्र्यांला आंबील, आन तरी बिबट्यावर भुंकत्यात.

चाळीस दिस झाल्याबिगर पिल्लू तोडायचं न्हाई, हा आबांचा कायदा. ते सरलं, म्हणून परवा तीन पिल्लं दिली. एक शेजारच्या कोंडाबाईला, एक खालच्या गावच्या हैबतरावांना, आन एक उरवड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या हिंदी माणसाला. त्यो बायको-पोरगी घिऊन देवीला आला होता, पोरीनं पिल्लू सोडंचना. समद्यांनी रीतीपरमानं निरोपाची भाकर चारली. तळहातावर दुधात कुस्करलेली भाकर धरायची, आन तांबडी हात चाटून कोरडा करस्तवर मागं घ्यायचा न्हाई. मगच पिल्लू त्याचं. हिंदी माणसाला लई गुदगुल्या झाल्या, हसत हुता. पोरीनंबी चारली.

एकच घोर हाय. चार दिस झालं तांबडी नीट खात न्हाई. तवाबी भाकर निस्ती चाटली, गिळली न्हाई. तोंडातनं लाळ गळती, घशात हाड अडकल्यावानी करती. कोंबडीचं हाड असंल म्हणून मी मनगटापोत हात घातला, काय गावलं न्हाई. अंगठ्याला तिचा दात लागला, तितं चुना लावला. आज कोपऱ्यात बसलीया, पाणी ठेवलं तर मान फिरवती. भात झोडणीच्या येळंला खळ्यावर कोल्ह्याशी झुंजली हुती, तवापासनंच जरा दमल्यावानी वाटती. तुज्या मॅडमला इचारून हाड काढायचं औषिद धाड.

माया हाय तशीच असू दे.

तुजा दादा,
बहिरू

*

मारुंजी
६ जानेवारी २०२५, सोमवार

ती. दादास प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

दादा, पत्र आत्ताच वाचलं. साहिलला दारातच थांबवून ठेवलाय आणि हे लिहितेय. आज दूध थोडं उशिरा पोचलं तरी चालेल.

ते हाड नाही. घशात काही नाही रे तिच्या. तिला गिळताच येत नाही, म्हणून लाळ गळते. मी तीन वर्षं दवाखान्यात कुत्री धरते, फरशी पुसते, पण एवढं मलाही कळतं. तरी किमया मॅडमना फोनवर तुझं पत्र वाचून दाखवलं. कोल्ह्याचं नाव काढल्याबरोबर त्यांनी हातातलं काम टाकलं. ती पिसाळली आहे, दादा. ती तुला चावली असो वा नसो, दात लागला ना? तेवढं पुरे आहे.

आता सांगते तसं कर, माझी शपथ. तांबडी ज्या खोपीत आहे तिचं दार बाहेरून बंद कर, आत कुणी जायचं नाही, तू तर नाहीच. अंगठा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाव तास धू. मग पौडच्या सरकारी दवाखान्यात जा आणि दात लागला हे स्पष्ट सांग. नुसती भाकर चारली असं म्हणालास तर वेगळं औषध, दात लागला म्हणालास तर त्या जखमेतही एक सुई देतात. तीच महत्त्वाची. बाकीच्या सुया ठरलेल्या तारखांना, महिनाभर. एकही चुकवायची नाही.

आणि ज्यांनी ज्यांनी हातावरून भाकर चारली, त्या सगळ्यांना घेऊन जा. शेतात राबणाऱ्या हाताला चीर नाही असं कधी असतं का? त्या हिंदी माणसाच्या पोरीला शोधून काढ. पिल्लंही सगळी परत आण, तांबडीनं ती दिवसभर चाटलीत. हैबतराव तोंडाला येईल ते बोलतील. बोलू देत. मला तिथं येता येत नाही याचा इतका राग येतोय की काय सांगू. पोटातलं पोर लाथा मारतंय, त्यालाही कळलं असावं.

काम झालं की दोन ओळी पाठव, तोवर मला अन्न गोड लागणार नाही. रागावले तरी माया आहे, हे तुला माहीत आहे.

तुझी,
प्राजू

*

खडकवाडी
१० जानेवारी २०२५

चि. प्राजक्तास आशीर्वाद. वि. वि.

तांबडी मंगळवारी गेली. खालचा जबडा लोंबत हुता, आवाज तिचा वळखू येत नव्हता. फटीतनं मी हाक मारली तर माझ्याकडंच धावली आन दारावर आपाटली. सात वर्सं माझ्या पायाशी निजली ती कुत्री, प्राजू. फावड्यानं उचलून लांब टेकाडापल्याड खोल पुरली, हात लावला न्हाई.

पुरायच्या आदी गुरांचा डाक्टर आला हुता, त्यानं मुंडकं तपासायला नेलं आन तू म्हणालीस तेच निघालं. आमच्याकडची दोन, कोंडाबाईचं एक, हैबतरावांचं एक, अशी चार पिल्लं त्यानं सुई देऊन निजवली. मीच एकेकाला गोणपाटातनं धरून देत हुतो. शेवटचं कोंडाबाईचं, ते माझा वास घिऊन शेपूट हालवत हुतं. जीव नकोसा झाला बघ.

कोंडाबाई बिचारी गप आली दवाखान्यात. हैबतरावांनी चार माणसांत माझी लाज काढली. म्हणाले, सात पिढ्या कुत्री राखल्या म्हणून मिरवतोस आन पिसाळलेली कुत्री वळखू आली न्हाई तुला, वर आमच्या हातावर चाटवलीस. खरंच हाय ते. खाली मान घालून त्यांच्या बरुबर गेलो. मीबी सुई घेतली. दात लागल्याचं सांगितलं. तू काळजी करू नको.

ऱ्हायला त्यो हिंदी माणूस. नाव ठावं न्हाई, कारखाना ठावं न्हाई. निस्तं उरवडं म्हणला हुता. उद्यापासनं तिकडं जातो.

तुजा दादा

*

मारुंजी
१३ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तांबडीसाठी रडले आणि मग तू सुई घेतलीस हे वाचून देवापुढं दिवा लावला. मॅडम म्हणाल्या, वेळेत झालं. त्यांना सांगितलं, की हा माझा शूरवीर भाऊ शाळेत लस टोचायला आले तेव्हा कणगीत जाऊन लपला होता, आणि आबांनी पायाला धरून बाहेर ओढला होता. त्या पोट धरून हसल्या. मीही हसले, पुष्कळ दिवसांनी.

पण दादा, आता तुला ओढायला आबा नाहीत. तारखा कार्डावर लिहिलेल्या असतात, त्या रेश्मावहिनीला दाखव आणि कार्ड भिंतीला लाव. हैबतरावांचं मनावर घेऊ नको. चूक रीतीची झाली, तुझ्या एकट्याची नाही. पण ती रीत आता बंद कर. पिल्लू द्यायचं तर आईला आणि पिल्लाला लस टोचून द्यायचं, हाच निरोप.

त्या पोरीचा पत्ता लागला की लगेच कळव. गोडाचा सण आहे, तिळगूळ साहिलकडं दिलाय. खा, आणि माझ्यावर चिडू नको.

तुझी,
प्राजू

*

खडकवाडी
२२ जानेवारी २०२५

चि. प्राजक्तास आशीर्वाद. वि. वि.

गावला एकदाचा! नऊ दिस उरवड्याच्या एकेका शेडच्या दाराशी उभा ऱ्हायलो. हिंदी मला येती तेवढी तुला ठावं हाय. कुत्ता, छोटा, लाल, असं म्हणत हात करून दाखवायचो. वाचमन लोक हसायचे, कोण हाकलायचे. नवव्या दिशी पत्र्याच्या खोलीभाईर ती पोरगीच दिसली. पिल्लू दोन दिसामागं मेलं हुतं. तिच्या हनुवटीवर ओरखडा हुता, खेळताना त्याचा दात लागलेला.

बाप आधी ऐकंना. त्याला वाटलं, पिल्लाचं पैसं मागाय आलोय. मग मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो, प्राजू. तवा त्यो घाबरला आन उठला. तिघांना घिऊन गेलो. पोरीला जखमेत सुई दिली तवा तिनं माझं बोट धरलं हुतं. डाक्टर म्हणला, अजून येळ गेली न्हाई. ती वाचंल.

माझ्याबी सुया येवस्थित चालल्यात. अंगठा तर कवाच भरला, खूणसुदिक दिसत न्हाई. आता तू निवांत बाळंत हो. आम्हा दोघांचा जीव तुज्याकडंच लागलाय.

तुजा दादा

*

मारुंजी
७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

मामा झालास! सोमवारी सकाळी मुलगी झाली. नाक आपल्या आबांचं, आवाज तुझा, अख्खी सोसायटी उठवते. दोघी खुशाल आहोत. नणंदबाईंनी जुईली नाव ठरवलंय. बारसं रविवारी, सोळा तारखेला. वहिनीनं कुंची शिवलीय असं साहिलनं सांगितलं, ती मामाच्या हातूनच डोक्यावर यायला हवी. सबबी चालणार नाहीत.

एक विचारायचं राहिलं. तुझी शेवटची सुई याच आठवड्यात असेल ना? कार्ड घेऊन ये. मॅडमना दाखवायचंय. का कोण जाणे, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

ओल्या बाळंतिणीला वाट बघायला लावू नये, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
प्राजू आणि जुईली

*

खडकवाडी
१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

चि. प्राजक्तास आन चि. जुईलीस मामाचे लई लई आशीर्वाद.

पोरगी झाली, लई बरं वाटलं. तुजं पत्र रेश्मानं वाचून दाखवलं, मी परत दोनदा वाचलं.

प्राजू, मी बारशाला येत न्हाई. कार्डबी धाडत न्हाई. त्याच्यावर दोनच शिक्कं हायेत.

आता वरडू नको, आधी ऐक. त्या दिशी दवाखान्यात हैबतराव माझ्या म्होरं रांगेत हुते. त्यांच्या देखत दात लागल्याचं सांगायला माझी जीभ रेटली न्हाई. पिसाळल्या कुत्रीच्या तोंडात सोता हात घातला, हे बहिरूनं कुटल्या तोंडानं सांगावं? मी म्हणालो, भाकर चारली. म्हणून जखमेतली सुई मला दिलीच न्हाई. डाक्टरची चूक न्हाई, त्यानं दोनदा इचारलं हुतं. मग दोन सुया घेतल्या. तिसऱ्या तारखेला मी उरवड्याला हुतो. म्हणलं, पोरगी गावू दे, मग घिऊ. ती गावली, तवर अंगठा भरला हुता. सुईचं भ्याव तुला ठावंच हाय. म्हणलं, आता काय व्हतंय?

पौडला गेलो तवा तितं चांगली रेंज हुती. तरी तुला फोन केला न्हाई. फोनवर मला तुज्याशी खोटं बोलता येत न्हाई, तू आवाजावरनं धरतीस. पत्रात बोलता आलं. तेवढं माफ कर.

सोमवारपासनं अंगठ्यात मुंग्या येत्यात, कोपरापोत. काल रेश्मानं चा दिला तर घशात हाड अडकल्यावानी झालं. मी गळ्याला हात लावला. ती म्हणाली, आ करा, बघू काय अडकलंय, आन हात म्होरं केला. तवा मी तिला ढकलली, प्राजू. जोरात. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. ती भिताडाला जाऊन आदळली. मग तिला समदं सांगितलं.

वाराबी सोसत न्हाई, म्हणून खिडकी लावलीया. डोस्कं अजून ठिकाणावर हाय, तवर लिवून घेतो. उद्या सकाळी साहिलच्या टेम्पोतनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेणार हायेत. रेश्माच्या समाधानासाठी जातो. तितं काय व्हणार, ते तुला माझ्यापरीस जास्त ठावं हाय. रेश्मालाबी सुया घ्यायला सांगितल्यात, तेवढं तू तिच्या मागं लागून पुऱ्या करून घे. ती हितं एकली ऱ्हायची न्हाई, तिला तुज्याकडं घिऊन जा.

कुंची साहिलकडं धाडतोय. तिला माझा हात लागलेला न्हाई, खुशाल घाल. बारसं ठरल्या दिशीच कर. उरवड्याची ती पोरगी कवा दिसली तर तिला खाऊ दे. तिची शेवटची सुई तेवढी ऱ्हायलीया, बाकीच्या समद्या येळंवर झाल्या, कार्ड मी सोता बघितलं.

लोक म्हणत्यात, जाणाऱ्याच्या तोंडात बहिणीनं पाणी घालावं. तुला येता येणार न्हाई, म्हणून मनाला लावून घिऊ नको. तू आली असतीस तरी मला ते चाललं नसतं. पाण्याचा तांब्या निस्ता दिसला तरी घसा आवळतो.

लई भ्याव वाटतंय, प्राजू. कणगीत लपलो हुतो तवा वाटलं हुतं तसं.

माया कमी करू नको.

तुजा दादा,
बहिरू

ता. क. पाकीट जिभेला लावून चिकटवलेलं न्हाई. रेश्मानं भाताची खळ लावलीया. खुशाल हातात घे.