बाहेर जाईल त्याचं नाव

१२ फेब्रुवारी, गुरुवार
दुकान, दुपारची वेळ

तीर्थस्वरूप ताईस,
धाकटीचा नमस्कार.

तीर्थस्वरूप लिहिताना जरा संकोच वाटला. पण दुसरं काही लिहिलं असतं तर तू मायन्यावरच अडून बसली असतीस आणि पुढचं वाचलं नसतंस. तेव्हा राहू दे.

आम्ही सगळे ठीक आहोत. ह्यांचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांना दिसायचं कमी झालं की आपलं घर चालतं, असं हे म्हणतात. थोरली नोकरीच्या गावी रुळली आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे? आणि तुझी कंबर? वाकलीस की उठताना एक हात भिंतीला लावतेस, म्हणून विचारते. कुणाला तरी दाखव. शाळेतल्या मुलांना "पाठ ताठ ठेवा" म्हणत फिरायचं आणि स्वतः अशी वाकडी चालायचं, हे काही बरं नाही.

फोन का नाही केला, पत्र का, असं तू विचारशील. फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही. शिवाय मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला मध्येच कुणी "हं" म्हटलेलंही चालणार नाही.

आधी आमच्या नगरपालिकेच्या सभागृहाची गंमत सांगते. नगरपालिका संघाची वार्षिक सभा असते, तिथे लहान गाव असो की मोठं शहर, प्रत्येकाला एकच मत. ते मत द्यायला एक माणूस निवडून पाठवायचा. आमच्याकडे दरवर्षी त्यावरून रस्सीखेच असते, कारण दोन रात्री हॉटेल, आयतं जेवण आणि वर एक बॅग मिळते. आमचे छापखानेवाले नगरसेवक तीनदा जाऊन आलेत. त्यांच्या घरी भाजी आणायला, कपडे इस्त्रीला न्यायला आणि नातवाची खेळणी भरायला संघाच्याच बॅगा आहेत. या वर्षीही विषय निघण्याआधीच त्यांनी घसा खाकरून ठेवला होता.

मग नगरसचिवांनी संघाच्या सभेपुढचे विषय वाचून दाखवले. पहिलाच होता: सामाईक कचराडेपो आहे तिथेच आणखी दहा वर्षं ठेवावा.

म्हणजे तुमच्या गावाशी.

ताई, सगळे असे मूग गिळून बसले म्हणून सांगू! ठेवा म्हणून मत द्यावं तर तुमच्या गावाचे शिव्याशाप, हलवा म्हणावं तर आपल्याच शहरात कचरा कुठे टाकायचा या प्रश्नाचं भूत मानगुटीवर. आणि संघाच्या सभेत मत गुपचूप द्यायचं नसतं, शहराच्या नावाचं कार्ड सगळ्यांदेखत वर धरायचं असतं. छापखानेवाल्यांच्या घशाला एकाएकी खरोखरच त्रास सुरू झाला. डॉक्टरीणबाईंना त्या आठवड्यातली ऑपरेशनं आठवली. आमच्याकडचा एक जुना रिवाज तुला ठाऊक नसेल. कुणालाच नको असलेलं काम असलं की त्या क्षणी जो खोलीबाहेर असेल त्याचं नाव लावायचं. तो हजर नसतो, त्यामुळे नाही म्हणू शकत नाही, आणि परत येईपर्यंत ठराव लिहून झालेला असतो. स्मशानाच्या भिंतीची समिती, मोकाट कुत्र्यांची समिती, सगळ्या अशाच भरल्या आहेत. त्यामुळे त्या दिवशी पाणी प्यायलासुद्धा कुणी उठेना. नगराध्यक्षांचा ड्रायव्हर दारातून खुणा करत होता, तरी ते खुर्चीला चिकटून बसलेले.

आणि माझा फोन वाजला. पडद्यावर "ताई".

मला रिवाज ठाऊक होता. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, तेही दिसलं. छापखानेवाले तर हळूच म्हणाले, "वहिनी, नंतर करा की." पण पाच वर्षांनी तुझं नाव त्या पडद्यावर आलं होतं. मी उठले आणि बाहेर गेले.

तू काय बोललीस ते तुला आठवतच असेल. "नमस्कार. मी डेपोलगतच्या शाळेतली शिक्षिका बोलतेय, गावच्या समितीतर्फे. आपल्या शहराचं मत कोण देणार आहे ते कळेल का?" जणू आपण एका पांघरुणात भांडत मोठ्या झालोच नाही. मीही काही कमी नाही. "अजून ठरायचंय," म्हणाले. मग तू म्हणालीस, "ठरलं की त्यांना एवढा निरोप द्या. मत देण्याआधी एकदा इथे येऊन जा म्हणावं. कळवून नको. कळवलं की डेपोवाले आधी औषध फवारून ठेवतात." मी "बरं" म्हणाले. तू "बरं" म्हणालीस. त्यानंतर थोडा वेळ आपण दोघींनीही फोन ठेवला नाही. तिकडे तुझ्यामागे भाऊजी खोकत होते.

आत आले तर सगळे उभे राहून कागद आवरत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते, जसे लोक पावसात दुसऱ्याची छत्री उलटली की हसतात तसे. माझं नाव लागलं होतं. पर्यायी प्रतिनिधी म्हणून छापखानेवाल्यांचं. पर्यायी म्हटल्यावर त्यांचा घसा लगेच बरा झाला, कारण बॅग त्यालाही मिळते.

तेव्हा तू ज्याला निरोप द्यायला सांगितलास, तो माणूस मीच. निरोप मिळाला.

आता गोष्ट अशी झाली की सुटलो एकदाचे या आनंदात सगळे घरी गेले, आणि प्रतिनिधीनं मत कुठल्या बाजूनं द्यायचं, हे ठरवायचंच राहिलं. नगरसचिवांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी म्हटलं, पुन्हा सभा बोलवा आणि मला सांगा काय ते. सभा झाली. ठराव काय झाला? "प्रतिनिधीने आपल्या विवेकाने मत द्यावे." सगळ्यांनी काखा वर केल्या आणि विवेक तेवढा माझ्या पदरात टाकला.

नगराध्यक्ष माणूस वाईट नाही. जिन्यात थांबवून मला म्हणाले, "तुमची बहीण त्या गावात असते, मला माहिती आहे. कशाला जिवाला घोर लावून घेताय? त्या दिवशी ताप आला म्हणा. कार्ड छापखानेवाल्यांना द्या. ते ठेवा म्हणून मत देतील, तुमचं नाव कुठे येणार नाही. बहिणीलाही वाईट वाटायला नको, वॉर्डालाही." ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. आणि ताई, खोटं कशाला बोलू, जिना उतरेपर्यंत मला थोडा ताप आल्यासारखं वाटायलाही लागलं होतं.

कारण माझ्या वॉर्डाचंही सांगते, रागावू नकोस. मागे कचऱ्याच्या गाड्या बंद होत्या तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी इतका ढीग झाला होता की शिवणवालीच्या तान्ह्या मुलीच्या पाळण्याखाली उंदीर सापडला. ती मुलीला कडेवर घेऊन माझ्या दुकानात येऊन रडली. ती मला मत देणारी बाई आहे. तुमचा डेपो बंद झाला तर ते ढीग पुन्हा लागणार नाहीत, असं तिला मी कशाच्या जोरावर सांगू? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तसं झालं होतं माझं.

तुझ्या शाळेच्या डेपोकडच्या खिडक्यांना आता जाड निळं प्लास्टिक ठोकलंय. वर्गात दिवे लावून शिकवावं लागतं, भर दुपारी. फाटकाजवळच्या बाकावर कुणी बसत नाही, कारण माशा. मुलं मैदानात न खेळता पलीकडच्या बोळात खेळतात आणि गाडी आली की भिंतीला पाठ लावून उभी राहतात. हे हिला कसं ठाऊक, असं तुझ्या आतापर्यंत मनात आलंच असेल. कंबरेचं वाचलंस तेव्हाच आलं असेल. तू कधीची हुशार.

मी आले होते, ताई. मंगळवारी. कळवून नको म्हणाली होतीस, तशी न कळवता आले. सकाळच्या बसनं उतरले, डेपोला वळसा घातला, शाळा पाहिली. आमच्या शहराचं चिन्ह असलेल्या गाड्या एकामागून एक आत जाताना पाहिल्या. तोवर मला वाटत होतं की पाहणीला आलेय, पाहून परत जाईन, आणि तुझ्या घरी जायचं की नाही ते नंतर बघू.

मग शाळा सुटल्यावर, संध्याकाळी तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आले. तू अंगणात होतीस. दोरीवरची चादर काढलीस, नाकाशी नेलीस, वास घेतलास आणि पुन्हा बादलीत टाकलीस. दुसरी काढलीस. तिचाही वास घेतलास. तीही बादलीत. तुझ्या चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता गं. रोजचं काम करावं तसं करत होतीस. मग भिंतीला हात लावून सरळ झालीस, बादली उचललीस आणि आत गेलीस.

मला पुढे येववलं नाही. मी कोपऱ्यावरूनच मागे फिरले आणि बसथांब्यावर बसून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, सगळे आहेत.

डेपो सुरू झाला तेव्हा तू म्हणाली होतीस, "घाण तुमची आणि नाक आमचं." मी म्हणाले होते, "मग आम्ही काय ती उशाशी घेऊन झोपू?" दोघी एका आईच्या, तोंडाला तोंड कमी पडेल कसं? पण तेव्हा पाच वर्षांचाच करार होता. पाच वर्षं सोसू, असं तुमच्या गावानं लिहून दिलं होतं आणि तुम्ही ती सोसलीत. आता दहा म्हणजे भाऊजींच्या छातीला काय उरेल?

तर माझं ठरलंय. ताप येणार नाही. कार्ड माझ्या हातात राहील आणि "ठेवू नये" म्हणतील तेव्हा ते वर जाईल.

हे मी आधी माझ्या वॉर्डाला सांगितलं, तुला नंतर सांगतेय. काल दुकानासमोर खुर्च्या टाकून लोकांना बोलावलं. डेपो हलला तर आपला कचरा आपल्याला इथेच निवडावा लागेल, त्यासाठी शेड लागेल, आणि ती माझ्या दुकानामागच्या रिकाम्या जागेत करू, म्हटलं. म्हणजे पहिला वास मलाच. शिवणवाली ताडकन उठली. "आमच्याच नाकाशी का म्हणून?" अगदी तुझाच सूर. मला हसूही येईना आणि रडूही. ती गेली ती आज माझ्याशी बोललेली नाही. एक गृहस्थ तर दुरुस्तीला टाकलेला चष्मा तसाच घेऊन गेले, एकच काच बसवलेला. आज सकाळी रस्त्यात एक डोळा मिटून माझ्याकडे रागानं बघत होते. पुढच्या निवडणुकीला मी उभी राहिले तर अनामत रक्कम जाईल असं हे म्हणतात, आणि ह्यांचा अंदाज अशा बाबतीत चुकत नाही.

लोक म्हणतात, बहिणीसाठी शहर विकलं. अर्धं खरं आहे. तू तिथे नसतीस तर मीही त्या दिवशी पाणी न पिता खुर्चीला चिकटून बसले असते, आणि दुसरं कुणीतरी लघवीला उठायची वाट पाहिली असती. मी काही मोठी न्यायी बाई नाही. पण मंगळवारी मी जे पाहिलं ते बहीण नसलेल्या माणसानंही पाहिलं असतं तरी त्याला दहा वर्षं म्हणवलं नसतं, एवढं मला कळतं. बाकीचा अर्धा भाग तो.

एकट्या मतानं काय होईल, सांगता येत नाही. मोठी शहरं डेपो ठेवा म्हणणार. कदाचित हरू. तसं झालं तर तुमच्या समितीला सांग की एक कार्ड तरी वर गेलं होतं, आणि ते कुणाचं होतं ते सांगायला लाजू नकोस.

सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. मला दोन रात्रींचं हॉटेल आहे, पैकी दुसऱ्या रात्री मी तिथे राहणार नाही. तिथून तुमच्याकडे यायची बस मी विचारून ठेवली आहे. जिंकून येवो की हरून, या वेळी कोपऱ्यावरून परत फिरणार नाही. माझ्या येण्यासाठी खिडक्या बंद करू नकोस, उदबत्ती लावू नकोस, भाऊजींना खोकला दाबायला लावू नकोस.

आणि ताई, माझ्यासाठी चादर पुन्हा धुवायला घेऊ नकोस. दोरीवरून जशी निघेल तशी अंथर. मी तिच्यावरच झोपणार आहे.

तुझी,
फोन आला म्हणून बाहेर गेलेली,
धाकटी